आदल्या दिवशी सांगायची रीत

त्या मंगळवारी बाबांच्या उजव्या पायात नाडी लागली नाही. दुपारी त्यांना वर्ध्याला नेलं. शुक्रवारी घरी आणलं. पाय कापला नाही. कोणी ठरवलं तसं, हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही.

तुम्हाला सांगतो. का सांगतो, ते मलाही नीट कळलेलं नाही. मन जड झालंय म्हणावं तर तसंही नाही — खरं म्हणजे बरेच दिवस मी सुखात आहे. झोप लागते, जेवण जातं, संध्याकाळी खुर्ची अंगणात टाकून वाचत बसतो. पण वाचता वाचता एखाद्या पानावर डोळे थांबतात, आणि मला बाबांची बशी दिसते. चहाची बशी. तिच्याकडे येतोच आहे मी. जरा वळसा घेऊन येतो, एवढंच.

मी आर्वीला असतो. एका शाळेत ग्रंथपाल होतो. पुस्तकं लावायची, काढून द्यायची, कोणी विचारलं तर बोलायचं — असं आयुष्य गेलं, आणि ते मला मानवलं. थोरला भाऊ, म्हणजे दादा, रोहण्याला शेती पाहतो. बाबा त्याच्याजवळ राहत. आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली. घरात माझा मान एकाच गोष्टीसाठी होता, मी शिकलेला. बँक, कचेरी, दवाखाना, असं काही निघालं की दादा म्हणायचा, "वसंताले बलावा." आणि मी पिशवीत एखादं पुस्तक टाकून एसटीने जायचो. त्या मंगळवारीही तसाच गेलो. बाबांचा पाय हातात घेतला तर तो विहिरीतल्या दगडासारखा लागला. घोट्याच्या वर निळसर जाळी उमटली होती. बाबा म्हणाले, "झोपला हाये पाय. उठन मंग."

पाय उठला नाही.

वर्ध्याच्या त्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांचं नाव मी लिहीत नाही, त्याचं कारण पुढे कळेल. त्यांनी मला समोर बसवून सगळं समजावलं, घाई न करता. हृदयातून निघालेली एक गुठळी पायाच्या मोठ्या रक्तवाहिनीत जाऊन बसली होती. रक्तवाहिन्या आधीच कडक झालेल्या. वेळही गेलेला — पाय वाचवायचा वेळ. आता दोन वाटा होत्या. एक म्हणजे मांडीतून पाय कापायचा. पण हृदय थकलेलं, मूत्रपिंडं थकलेली. टेबलावरून उठतील याची खात्री कमी, उठले तरी पुढचे कित्येक दिवस नळ्यांमध्ये जाण्याची शक्यता जास्त. दुसरी वाट म्हणजे काही कापायचं नाही. पाय हळूहळू काळा पडेल, वाळेल, आणि बाबा जातील. पण दुखणं आवरता येईल. मॉर्फिनच्या गोळ्या, मलमपट्टी, आठवड्यातून नर्सची फेरी, आणि घर.

"माझे वडील असते तर मी घरी नेलं असतं," त्या म्हणाल्या. आणि लगेच पुढे म्हणाल्या, "पण सर, आजोबा पूर्ण शुद्धीवर आहेत. पाय त्यांचा आहे. आधी त्यांना विचारू. मी बोलू का त्यांच्याशी?"

मी म्हणालो, "नको. मीच बोलतो."

इथे थोडं थांबतो. आमच्या घरची एक रीत सांगितल्याशिवाय पुढचं तुम्हाला कळायचं नाही.

आमच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक हिवर आहे. बाभळीच्या जातीतलं झाड, काटे मोठे, सावली पातळ. बाबांचा त्याच्यावर जीव. आमच्याकडे कुठलंही झाड तोडायचं, नुसती एखादी फांदी छाटायची असली तरी, आदल्या दिवशी जाऊन झाडाला सांगायचं. खोडाला हळदकुंकू, चार तांदूळ, आणि खोडावर हात ठेवून: उद्या येतो बरं का, ही फांदी न्यायची आहे, नेऊ का? मग दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड. बाबांनी यात कधी चूक केली नाही. मी कॉलेजात शिकत होतो तेव्हा सुटीत एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. अंगात शहाणपण भरलेलं. म्हणालो, "आणि बाबा, झाड नाही म्हणालं तर?"

"तं आठ रोजानं पुन्हा इचाराचं."

"आणि तेव्हाही नाही म्हणालं तर?"

बाबांनी माझ्याकडे नीट पाहून घेतलं. "तं समजाचं का कुऱ्हाडीले धार नाई. लेका, तुले झाडाची चिंता हाये का मले घोळात घेऊन राह्यला?"

मी हसलो होतो. तेही हसले होते.

तर अशा माणसाच्या खाटेजवळ मी गेलो. त्याचा पाय कापायचा की नाही, हे त्याला विचारायला. ते जागे होते. वर पंखा होता, त्याच्याकडे बघत होते. मी स्टूल ओढून बसलो. घसा साफ केला. त्यांनी मान वळवली आणि म्हणाले, "चाय भेटन का रे इथं?"

मी उठलो. खालून चहा आणला. कपातून घरून आणलेल्या त्यांच्या बशीत ओतला, फुंकर घालून गार केला आणि बशी त्यांच्या ओठांना लावली. ते सावकाश प्यायले. "साखर कमी हाये," म्हणाले. मी म्हणालो, दवाखान्यातला आहे. मग त्यांचं तोंड पुसलं, बशी विसळली आणि डॉक्टरांच्या खोलीत परत गेलो.

म्हणालो, "विचारलं. नको म्हणतात ऑपरेशन."

डॉक्टरांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर मला आदर दिसला — बाबांबद्दलचा. किती समजूतदार म्हातारा, असा. आणि मी तो आदर तसाच राहू दिला.

झालं सांगून? नाही. अजून तळाशी पोचलो नाही मी. तुम्हाला वाटेल, भीती वाटली असेल, तोंडातून शब्द फुटला नसेल, माणूस आहे. मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं. पण तसं नव्हतं ते.

आधी दादाचं सांगतो.

दादा पहिल्या दिवशी दवाखान्यात आला होता. त्या वासाने त्याला गरगरतं, आणि वावरात कापसाची वेचणी सुरू होती, म्हणून मीच त्याला परत पाठवलं. शुक्रवारी बाबांना घेऊन रोहण्याला पोचलो तेव्हा तो फाटकातच उभा होता. गाडीत वाकून त्याने आधी पाय पाहिला. "काऊन रे? ऑपरेशन?" मी म्हणालो, "डॉक्टर म्हणतात होऊ शकत नाही. वय झालं." तेवढंच. डॉक्टरांना सांगितलं बाबा नाही म्हणाले. दादाला सांगितलं डॉक्टर नाही म्हणाले. आणि बाबांना? बाबांनी गाडीत विचारलंच होतं, काय म्हणते डॉक्टरीण. मी म्हणालो, म्हणते घरी जा, औषधाने दुखणं थांबेल. म्हणजे खोटं नव्हतं. पण खरं किती होतं?

एका आठवड्यात मी माझा निर्णय दुसऱ्यांच्या नावावर चढवून टाकला. सातबाऱ्यावर मात्र माझं नाव कुठेच नाही.

दादाला बाबा गेल्याचं दुःख झालं, आणि ते सगळं त्या डॉक्टरीणबाईंवर निघालं. "हातच नाई लावला तिनं. म्हातारा पाहून सोडून देल्ला." पानठेल्यावर बसून तो हे सांगायचा. लग्नात, तेरवीत, बाजारात, भेटेल त्याला सांगायचा. त्या बाईंनी बाबा गेल्याचं कळल्यावर आपण होऊन फोन केला होता. मी दादाच्याच ओसरीवर होतो. कोणाचा फोन आहे हे कळताच दादाने तो माझ्या हातातून ओढला आणि म्हणाला, "आता कायले फोन करता बाई? जित्ता होता तवा तं पाहिलं नाई तुमी."

पलीकडून त्या काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं. "मला कळतंय काका," एवढंच म्हणाल्या. दुःखातल्या माणसाशी वाद घालत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या नावाला काय चिकटलं आहे आणि का, हे ठाऊक असलेला माणूस त्या ओसरीवर एकच होता. तो खाली बघत शेंगा सोलत बसला होता.

म्हणून नाव लिहीत नाही. रोहण्यातली आणि आसपासची माणसं पुढे वर्षभर त्यांच्याकडे गेली नाहीत. ज्यांना जायला हवं होतं ती नागपूरला गेली, किंवा गेलीच नाहीत. ती कोण, त्यांचं काय झालं? मी शोधलं नाही. शोधायला हवं होतं का? हवं होतं.

मग दादाच्या पायाला काटा लागला.

हिवराचाच काटा, अंगठ्यात. दादाला शुगर आहे. काट्याची जखम भरेना, अंगठ्याचं टोक काळपट दिसायला लागलं, तरी तो तूप-हळद लावत बसला. वहिनीचा मला फोन आला. मी गेलो. अंगठा पाहिला आणि मला तो मंगळवार आठवला. म्हणालो, उद्याच्या उद्या वर्ध्याला. दादा म्हणाला, "तिथं? त्या बाईपाशी? ते काय करन? म्हणन होत नाई, घरी न्या."

आता सांगा, हे ऐकून माणसाने काय करावं? माझ्या खोट्याने आता दादाचा पाय धरला होता. तेव्हाच सांगून टाकायचं होतं — दादा, ती नाही म्हणाली नव्हती. मी म्हणालो, "तेव्हा वय झालं होतं बाबांचं. तुझं तसं नाही." वहिनीने पदर खोचला आणि त्याला म्हणाली, "पाय ठेवाचा हाये का रुसवा ठेवाचा हाये, एक काय तं ठरवा." वहिनीमुळे तो उठला. माझ्यामुळे नाही.

दवाखान्यात त्याला आत सोडलं आणि मी औषधाच्या दुकानासमोर रांगेत जाऊन उभा राहिलो. अजून औषधाची चिठ्ठीही मिळाली नव्हती. तरी उभा राहिलो. कारण मला माहीत होतं, आत दोन खोट्या गोष्टी समोरासमोर येणार. त्या वेळी मला त्या खोलीत असायचं नव्हतं.

परतताना पुलगावला चहाला थांबलो. दादाचा अंगठा पांढऱ्या पट्टीत. डॉक्टरांनी वाळलेला भाग काढला होता, बाकीचं वाचेल म्हणाल्या होत्या. दादा म्हणाला,

"वसंता, ते डॉक्टरीण म्हणे का बाबानं सोताच नाई म्हणलतं ऑपरेशनले."

मी कपात बघत होतो.

"खरं हाये का?"

"हो," मी म्हणालो.

"मंग मले काऊन नाई सांगतलं? म्या त्या पोरीले सालभर शिव्या देल्या ना, बाप्पा!"

"तुला वाईट वाटलं असतं."

आणि दादा हसला. दोन्ही हात मांडीवर आपटून हसला. आजूबाजूची माणसं बघायला लागली. डोळ्यांतून पाणी येत होतं त्याच्या. "बुढा पयलेपासूनच असा," म्हणाला. "कोणाचं ऐकलं नाई आयुष्यात. मरताना बी आपलंच खरं केलं. वा रे बुढ्या!" पुढच्या तपासणीला तो संत्र्यांची थैली घेऊन गेला. डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली आणि हात जोडले. पानठेल्यावर आता दुसरी गोष्ट सांगतो. आमच्या बापाने डॉक्टरला तोंडावर सांगितलं, पाय नाही देत, म्हणून. गावातली माणसं पुन्हा त्या बाईंकडे जातात. दादाचा राग गेला, त्याच्या जागी अभिमान आला. त्या अभिमानावर तो जगतो म्हटलं तरी चालेल. सगळीकडे शांत झालं.

बघा, खोट्याने कसं सगळं जागेवर बसवलं. म्हणूनच सांगता येत नाही.

आता मघाशी म्हणालो ते. भीतीने शब्द फुटला नाही असं नव्हतं, ते.

जामच्या चौरस्त्यावर, हायवेला, आमच्या दूरच्या नात्यातल्या एकाचं चहा-नाश्त्याचं हॉटेल आहे. ट्रकच्या धडकेत त्याचा एक पाय गुडघ्यावरून गेला. बाबा नागपूरला जाता-येता तिथे हटकून थांबायचे. तो लाकडी खुर्चीत बसून गल्ला सांभाळायचा, पोरांवर ओरडायचा, गिऱ्हाइकांची चेष्टा करायचा. बाबांना त्याचं फार कौतुक. गाडीत बसलं की दरवेळी तेच बोलायचे: "पाह्य, पाय गेला तं गेला. माणूस तं बसला हाये ना जागेवर? मी बी बसन धुऱ्यावर. हिवराखाली बसाले किती पाय लागते?"

ऐकलंत? हे त्यांनी एकदा नाही, अनेकदा म्हटलं होतं. आणि त्या दिवशी स्टुलावर बसून मी घसा साफ केला तेव्हा हेच वाक्य माझ्या कानात होतं.

बाबा "कापा" म्हणाले असते.

मला ते जवळजवळ पक्कं माहीत होतं. म्हणून मी विचारलं नाही. उत्तर मला नको होतं. डॉक्टरांचं ऐकून, आणि म्हातारपणातल्या आजारांवर आधी वाचलेलं आठवून, माझं मनात ठरून गेलं होतं की घरी नेणं बरोबर. आणि ज्याचा पाय होता तो चुकीचं उत्तर देईल असं मला वाटलं. जन्मभर मी लोकांना हवं ते पुस्तक काढून दिलं. हे पुस्तक तुम्हाला कळणार नाही असं कोणाला म्हणालो नाही. स्वतःच्या बापाला मात्र तेच म्हणालो — न बोलता, बशीत चहा ओतून.

आणि खरं सांगायचं तर मला आजही वाटतं की घरी नेलं ते बरोबर होतं. यात मला शंका नाही. तीन आठवडे बाबा ओसरीवरच्या खाटेवर होते. गोळ्या वेळेवर दिल्या की दुखणं आवरायचं. त्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, म्हणून त्याचं वेगळं औषध. पाय वाळत गेला, आधी बोटं, मग वर. नर्सताईंनी शिकवलं होतं — एक गोळी कुटून तिची भुकटी जखमेवर टाकायची, वास राहत नाही. वहिनी खलबत्त्यात ती कुटायची. राहिला नाही वास. मी शाळेला रजा टाकून तिथेच राहिलो. सकाळी कापूस वेचायला जाणाऱ्या बाया फाटकाशी थांबून हाक मारायच्या, "कसं हाये आबाजी?" आणि बाबा आतून सांगायचे, "अजून हावो!" दुपारी मी वर्तमानपत्र वाचून दाखवायचो, ते कापसाच्या भावाच्या बातमीला शिव्या घालायचे. मी त्यांच्याजवळ इतका वेळ लहानपणीही बसलो नव्हतो. माझ्या आयुष्यातले ते चांगले दिवस होते. हे लिहिताना लाज वाटते, पण तसेच होते ते.

अशाच एका दुपारी, शेवटच्या आठवड्यात, ते म्हणाले, "हिवराची ते दक्षिणेची फांदी वाळली हाये. दादाले सांगजो, काढून टाक म्हणा. अन् आदल्या रोजी तू जाजो सांगाले. त्याले ध्यान नाई राहत."

"जातो," मी म्हणालो.

ते पांघरुणाखालच्या आपल्या पायाकडे बघत होते. मग भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तशा आवाजात म्हणाले,

"झाडाले इचारते माणूस. मले तं कोणी इचारलंच नाई."

ती वेळ होती. ओसरीवर दुसरं कोणी नव्हतं. वहिनी मागे धुणं धूत होती, दादा वावरात. बाबा शुद्धीवर होते, माझ्याकडे बघत होते, रागावलेले नव्हते. मी म्हणू शकलो असतो — नाही विचारलं बाबा, चुकलो. चार शब्द. मला ते म्हणता आलं असतं.

मी म्हणालो, "विचारलं होतं बाबा. दवाखान्यात. तुम्ही औषधाच्या गुंगीत होतात, आठवत नसेल."

ते माझ्याकडे बघत राहिले.

"असं?"

"हो."

"मंग काय म्हणलो मी?"

शब्द आले. अशा वेळी माझे शब्द कधी अडले नाहीत, हेच तर. म्हणालो, "म्हणालात, घरी चल."

बाबा छताकडे बघायला लागले. तोंडात दात नव्हते, त्यामुळे हसू आलं की गाल आधी आत जायचे. तसे गेले.

"बरं म्हणलो मंग," ते म्हणाले.

आणि चहा मागितला. मी केला. बशीत ओतला, फुंकर घातली. या वेळी साखर बरोबर होती.

त्यांना कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं. झाडाच्या मनातलं ओळखणाऱ्या माणसाला पोराचं खोटं ओळखू येणार नाही? ते तसं का बोलले — मला सोडवायला, की थकून, की नुसतीच गंमत वाटली म्हणून? बरेच दिवस मी त्याला त्यांचा होकार म्हणून जपत होतो. मनातल्या मनात काढून पाहायचो. आता तसं करत नाही. पाय वाळून गेल्यावर दिलेलं उत्तर ते. त्या वेळी त्यांच्याजवळ दुसरं उत्तर द्यायला जागाच मी ठेवली नव्हती. म्हाताऱ्या बापाने पोराची लाज झाकली असेल. तो त्यांचा मोठेपणा. माझ्या बाजूला त्यातलं काही जमा होत नाही.

काही दिवसांनी सकाळी ते गेले. वेचणीच्या बायांनी फाटकाशी हाक मारली, आतून उत्तर आलं नाही.

फांदीचं काम दादाने थंडी सरताना काढलं. आदल्या दिवशी मी गेलो, बाबांनी सांगितलं होतं तसा. हळदकुंकू लावलं, तांदूळ वाहिले, खोडावर हात ठेवला. साल खरखरीत, उन्हाने कोमट. उद्या येतो, म्हणालो, ती दक्षिणेची फांदी न्यायची आहे, नेऊ का. आणि उभा राहिलो. किती वेळ उभं राहायचं असतं ते मी बाबांना कधी विचारलं नव्हतं. वारा नव्हता. दुरून दादाने हाक मारली, "काय म्हणते रे?" मी ओरडून सांगितलं, "काही म्हणत नाही." तो म्हणाला, "मंग ये आता. चाय झाली."

दादाचा अंगठा बरा झाला. टोकाला थोडा आखूड आहे, चप्पल मात्र अडकत नाही. तो रोज धुऱ्यापर्यंत जातो आणि हिवराखाली बसतो. रविवारी मी गेलो की आम्ही दोघं बसतो. तो बाबांची गोष्ट सांगतो, त्यांनी डॉक्टरला कसं तोंडावर सांगितलं ती, आणि सांगताना खूश होतो. मी ऐकतो. ती बशी मी आर्वीला घेऊन आलो आहे. रोज तिच्यातून चहा पितो. बाबांना मी विचारलं नव्हतं.